नाइन ऑफ कप्स : समाधान, की नुसताच ढेकर?

मृण्मयी_४४

मंडळी, गेल्या शनिवारी मैत्रिणीकडे भिशी होती. जेवणं झाल्यावर तिने टॅरोचे, म्हणजे भविष्य सांगायचे, पत्ते काढले. हौशी आहे ती, पैसे वगैरे घेत नाही. प्रत्येकीने एकेक पत्ता ओढायचा. मला आला नाइन ऑफ कप्स, म्हणजे पेल्यांची नव्वी. ती ओरडलीच, "अगं, हे तर विश कार्ड! डोळे मीट आणि माग."

मी डोळे मिटले आणि मागायला काही सुचेचना. गृहकर्ज फिटलंय, लेक हॉस्टेलला गेलीय, नोकरीत गेल्या वर्षी बढती झाली, सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं. दहा बायका माझ्या तोंडाकडे बघत बसलेल्या. शेवटी "मागितलं" अशी थाप मारली आणि आइस्क्रीमकडे वळले.

नंतर फोनवर ती म्हणाली, या पत्त्याचा अर्थ समाधान आणि कृतज्ञता, म्हणजे तू सुखी आहेस, संपला विषय. पण नेटवर ते चित्र मोठं करून बघितलं तर त्यातला माणूस काही मला कृतज्ञ वाटेना. लाल टोपी घालून बाकावर फतकल मारून बसलाय. हाताची घडी. मागे निळं कापड लावलेल्या फळीवर कमानीसारखे नऊ सोनेरी पेले, आणि याची पेल्यांकडे पाठ! आजूबाजूला चिटपाखरू नाही. लग्नात मुलाकडचे काका जेवण झाल्यावर असे बसतात.

तर प्रश्न दोन. एक, यात कृतज्ञता कुठे आहे? दोन, मागायला काहीच न सुचणं हे समाधान, की दुसरंच काही?

टवाळभैरव

न वापरलेली इच्छा दुसऱ्याच्या नावावर करता येते का? माझी यादी टाइप करून तयार आहे.

शून्याधार

आधीच सांगतो, टॅरोवर माझा काडीचा विश्वास नाही. १९४८ साली बर्ट्रम फोरर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आपल्या विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'हे तुझं व्यक्तिमत्त्व' म्हणून एक वर्णन दिलं. ते कितपत जुळतं याला मुलांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. गंमत म्हणजे वर्णन सगळ्यांना एकच होतं, आणि ते त्याने भविष्याच्या स्वस्त पुस्तकातून उचललं होतं. तुमच्या मैत्रिणीने 'तू सुखी आहेस' म्हटलं तेही दहाच्या दहा बायकांना लागू पडलं असतं. पोपटवाला निदान पोपटाला दाणे तरी घालतो.

दुसरा प्रश्न मात्र आवडला. त्याला पत्ता लागत नाही.

पत्तेवाली

शून्याधार, भविष्यापुरतं तुमच्याशी सहमत. मी टॅरोचे डेक, म्हणजे पत्त्यांचे संच, जमवते, भविष्य बघत नाही. पण चित्र म्हणून हा पत्ता फार मजेशीर आहे.

मृण्मयी, तू बघितलंस ते चित्र पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीचं. गूढविद्येवर लिहिणाऱ्या आर्थर वेटच्या सांगण्यावरून तिने १९०९ मध्ये लंडनला अख्खा डेक रंगवला. त्याआधीच्या बहुतेक डेकमध्ये, उदाहरणार्थ जुन्या फ्रेंच मार्सेय पद्धतीच्या, नाइन ऑफ कप्सवर नुसते नऊ पेले असायचे. आपल्या बदामच्या नव्वीवर नऊ बदाम असतात तसे. हा माणूस, हा बाक, ही घडी, सगळं १९०९ चं.

आणि वेटने स्वतः या पत्त्याबद्दल काय लिहिलंय? गृहस्थ मनसोक्त जेवलाय, मागे मद्याचा भरपूर साठा आहे, पुढचीही सोय झालेली दिसते. अर्थ : सलोखा, समाधान, शरीरसुख, यश. पण तो पुढे हेही म्हणतो की चित्रात फक्त ऐहिक बाजू आली आहे, बाजू आणखीही आहेत. कृतज्ञतेचा त्यात उल्लेखच नाही! ती नंतरच्या लोकांनी चिकटवलेली. तेव्हा तुला ती दिसली नाही यात तुझा दोष नाही.

जुनीपुराणी

म्हणजे माणूस जेवला, ढेकर दिला, पण 'अन्नदाता सुखी भव' म्हणायचं राहून गेलं.

टवाळभैरव

काकूंनी एका ओळीत धागा संपवला. चला, घरी.

मृण्मयी_४४

काकू, अगदी हेच मला म्हणायचं होतं आणि शब्द सापडत नव्हता!

टॅरोमैत्री

मी व्यवसायाने टॅरो रीडर आहे, नऊ वर्षं झाली. शून्याधार यांच्याशी वाद घालत नाही, माझ्या घरातही एक शून्याधार आहेत आणि ते माझ्या फीमधून पेट्रोल भरतात.

'विश कार्ड' म्हणून टाळ्या वाजवणं हे हौशी लोकांचं काम. माझ्याकडे हा पत्ता निघाला की मी विचारते, हे पेले तुम्ही शेवटचे हातात कधी घेतले होते? परवा एक बाई म्हणाल्या, "घर घेतलं तेव्हा बाल्कनीसाठी ऐंशी हजार जास्त मोजले. दोन वर्षांत तिथे बसून चहा प्यायले नाही, कपडे वाळत घालते." बस, हेच रीडिंग. मागे वळून बघणं म्हणजेच कृतज्ञता. पत्ता कृतज्ञता दाखवत नाही, ती करायची राहिलीय याची आठवण देतो.

आणि तो उलटा पडला की लोक घाबरतात. वेटने उलट्याचे अर्थ दिलेत सत्य, निष्ठा, स्वातंत्र्य. चुका आणि उणिवा त्यानंतर. म्हणजे गृहस्थ बाकावरून डोक्यावर पडला की सुधारतो.

कडूकारलं

मला या कृतज्ञता प्रकरणाचाच कंटाळा आलाय. कृतज्ञता नेहमी खालच्याकडून वर मागितली जाते. सुनेने सासरचे उपकार मानायचे, कामवालीने जुनी साडी मिळाली म्हणून हात जोडायचे. आमच्याकडे पगारवाढ शून्य टक्के झाली त्याच आठवड्यात एचआरने भिंतीवर 'आज मी कशासाठी आभारी आहे' असा फलक लावला होता, रंगीत चिकटचिठ्ठ्यांसकट. कोणीतरी लिहिलं, 'शुक्रवारसाठी'. दुसऱ्या दिवशी फलक गायब.

त्यामानाने हा टोपीवाला बरा. मस्त जेवलाय, बसलाय, कुणाचे पाय धरत नाही.

पत्तेवाली

कडूकारलं, 'शुक्रवारसाठी' फार आवडलं. पण पेले आले कुठून? त्याने स्वतः घडवले असं काही चित्रात नाही. तो सोनार दिसत नाही, यजमान दिसतो.

गणपुले

बाकी काही असो, एकटा बसलाय हे खरं दुखणं. नऊ पेले आणि पिणारा एक! एक पेला पुढे केला असता तरी चित्र बदललं असतं.

टवाळभैरव

गणपुल्यांना 'बसायला' बोलावलेलं नाही याचं दुःख झालंय.

गणपुले

झालंय.

रेडी_ते_वेंगुर्ला

पत्त्यांचा विषय निघालाच आहे तर थोडं अवांतर. सावंतवाडीच्या राजवाड्यात अजून गंजिफा रंगवतात. आमच्या घरी आजोबांची एक पेटी होती. गोल पत्ते, लाखेचा लेप, हातात घेतले की टकटक वाजत. दशावतारी गंजिफेत पत्ते १२०. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात १२ : राजा, प्रधान आणि एक ते दहा. भविष्य वगैरे काही नाही, निव्वळ खेळ. लहानपणी मला एकच गोष्ट कळत नसे. पाच रंगांत दश्शी मोठी, आणि उरलेल्या पाचांत एक्का मोठा, दश्शी सगळ्यात खाली. आजोबांना विचारलं तर म्हणत, "जास्त असलां म्हणून मोठा होता असा नाय."

पेटी आता काकांकडे. मागायची हिंमत नाही.

मिलानवासी

रेडी, हे वाचून खुर्चीतून उठलो! टॅरोही मुळात खेळच. पंधराव्या शतकात इथे उत्तर इटलीत सुरू झाला. त्याला भविष्याचा साज चढला तो फ्रान्समध्ये १७८१ नंतर, कूर द जेबलँ नावाच्या गृहस्थाने 'हे तर प्राचीन इजिप्तचं ज्ञान' अशी आवई उठवल्यावर. पुरावा शून्य.

आणि जुन्या खेळात अगदी तुमच्या गंजिफेसारखाच नियम आहे. तलवारी आणि दंड या रंगांत दश्शी मोठी. पण पेले आणि नाणी यांत क्रम उलटा : एक्का दश्शीवर मात करतो. म्हणजे खेळणाऱ्याच्या हातात नाइन ऑफ कप्स आला की त्याचं तोंड वाकडं! चित्रांचे पत्ते सोडले तर पेल्यांत शेवटून दुसरा. जितके पेले जास्त तितकी किंमत कमी. आजोबा बरोबर होते.

अवांतराचं अवांतर : पंधराव्या शतकाच्या शेवटचा सोला बुस्का नावाचा डेक इथे ब्रेरा संग्रहालयात आहे. त्यात साध्या आकड्यांच्या पत्त्यांवरही माणसं, प्रसंग कोरलेले आहेत. १९०७ मध्ये त्याचे फोटो ब्रिटिश म्युझियममध्ये पोहोचले, आणि पामेलाबाईंनी ते पाहिले असणार असं जाणकार मानतात, कारण तीन तलवारींचा पत्ता दोन्हीकडे जवळजवळ एकच आहे.

टवाळभैरव

थांबा थांबा. पत्तेवाली वर 'बदामची नव्वी' म्हणाल्या. म्हणजे कप्स म्हणजे बदाम?

पत्तेवाली

हो, सर्वसाधारण तसंच जुळवतात.

टवाळभैरव

मग सोपं आहे की! बदाम सात खेळलाय ना सगळे? सत्ती पडल्याशिवाय अठ्ठी नाही, अठ्ठी पडल्याशिवाय नव्वी नाही. धागाकर्तीच्या मैत्रिणीने थेट नव्वी खाली टाकली, हा फाऊल आहे.

पत्तेवाली

तुम्ही थट्टा केलीत, पण हे किती बरोबर आहे बघा. सेव्हन ऑफ कप्समध्ये ढगांत सात पेले तरंगतात. एकात दागिने, एकात किल्ला, एकात साप. समोर एक माणूस भांबावून उभा. ही सत्ती, हे हवं की ते हवं. एट ऑफ कप्समध्ये आठ पेले नीट रचून ठेवलेत आणि एक माणूस ते तसेच टाकून, पाठ फिरवून, काठी टेकत रात्री डोंगराकडे निघालाय. वर खिन्न चेहऱ्याचा चंद्र. ही अठ्ठी. त्यानंतर नव्वी!

म्हणजे मृण्मयी, पाठ दोघांचीही पेल्यांकडे आहे. अठ्ठीतला चालू लागतो, नव्वीतला बसून राहतो.

शून्याधार

हे मात्र चांगलं आहे. भविष्य नाही, पण वाचन चांगलं आहे. टवाळभैरव चुकून कामाचं बोलले याची नोंद घ्यावी.

मृण्मयी_४४

अठ्ठीवर अडकले. खरं सांगते, वर लिहिलं नव्हतं. बढती मिळाली त्या दिवशी घरी येताना सिग्नलला गाडीत रडू आलं होतं, कारण कळलं नाही. सगळं नीट रचून ठेवलंय आणि उठून जावंसं वाटतं, असं काहीसं. कुठे जायचं ते माहीत नाही. अशा वेळी 'समाधानी आहेस' म्हटलं की राग येतो, आणि रागाची लाज वाटते, कारण इतकं सगळं आहे.

कडूकारलं

राग येऊ दे. लाज कशाला?

टॅरोमैत्री

मृण्मयी, रडू वारंवार येत असेल, झोप उडाली असेल, तर पत्ते बाजूला ठेव आणि डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोल. माझ्याकडे आलेल्यांनाही मी हे सांगते. चव्वेचाळिशीत हार्मोन्सचीही भानगड असते, ती टॅरोत दिसत नाही.

मृण्मयी_४४

धन्यवाद, वेळ घेतलीय पुढच्या मंगळवारची. आता मुद्द्यावर या, नाहीतर सगळे मला धीर देत बसतील.

डॉक्टरेट_अर्धवट

कडूकारलं यांच्या फलकाबद्दल. कृतज्ञतेची यादी करण्यावर एमन्स आणि मॅकला यांचा २००३ चा अभ्यास प्रसिद्ध आहे. एका गटाने दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, ज्यांच्याबद्दल आभारी आहोत अशा पाचपर्यंत गोष्टी लिहायच्या. दुसऱ्याने कटकटी लिहायच्या. तिसऱ्याने नुसत्या घडामोडी. आभार लिहिणाऱ्यांना आपलं आयुष्य अधिक बरं वाटलं. पण ती यादी त्यांनी स्वतःसाठी केली होती, साहेबाच्या भिंतीवर नाही.

जुनीपुराणी

मला यादी करणं जमायचं नाही, पण आमच्या वेळी यादी भांड्यांवरच असे.

माझं लग्न १९७६ चं. आहेरात स्टीलची भांडी. दुकानदार तिथेच नाव घालून देई. ते छोटं यंत्र टर्रर्र करत फिरायचं आणि ठिपक्याठिपक्यांची अक्षरं उमटायची. माझ्याकडे पेले झाले अकरा, सगळे वेगवेगळ्या मापांचे. एकावर 'सौ. आत्याकडून सप्रेम', एकावर नुसती आद्याक्षरं, एकावर तारीख चुकलेली. एकावर तर माझं माहेरचंच आडनाव. त्या काठाला बोट लावलं की खरखर लागते, अजून.

सासूबाई भांडी मोजायच्या त्या अशा : "आत्याबाईंचा आला, बँकेतल्यांचा आला, शेजारच्यांचा कुठाय?" नुसता पेला असा आमच्याकडे नव्हताच, तो कुणाचा तरी पेला होता. आत्याबाई जाऊन तीस वर्षं झाली. काल नातवाने त्यात दूध प्यायलं. मी म्हटलं, आत्याबाईंचा पेला विसळून ठेव. तो म्हणाला, कोण आत्याबाई? मग सांगितलं. चार वेळा नवरा मेला म्हणून उठवलेल्या अफवेची गोष्ट आहे ती, फार लांब आहे, पुन्हा कधी.

त्या चित्रातले पेले लखलखीत आहेत, पण एकावरही नाव नाही. म्हणून ते मला शोकेसमधल्या करंडकांसारखे वाटले.

गणपुले

काकू, अफवेची गोष्ट सांगितल्याशिवाय जायचं नाही.

रेडी_ते_वेंगुर्ला

+१. वेगळा धागा काढा.

पत्तेवाली

काकू, तुमचं वाचून पत्ता पुन्हा भिंगाखाली धरला. पेल्यांवर नाव नाही, पण पत्त्याच्या खालच्या कोपऱ्यात एक वेलबुट्टीसारखी खूण आहे. ती पामेलाची आद्याक्षरं, एकात एक गुंफलेली. तिच्या चित्रांवर ती सापडतेच.

हे सांगते कारण डेकच्या नावात ती कुठेच नव्हती. 'रायडर-वेट' म्हणत : रायडर प्रकाशक, वेट लेखक. जिने चित्रं काढली तिचं नाव लोक आता आता जोडायला लागलेत. तिने आल्फ्रेड स्टिगलिट्झ या छायाचित्रकाराला नोव्हेंबर १९०९ मध्ये पत्र लिहिलं, त्यात म्हणते की एक मोठं काम नुकतं संपवलं, पैसे फारच थोडे मिळाले. १९५१ मध्ये कॉर्नवॉलमधल्या ब्यूड गावी ती गेली तेव्हा डोक्यावर कर्ज होतं. जगभर हा डेक विकला जातोय, माझ्याकडेच त्याच्या तीन आवृत्त्या आहेत. समाधानाचा पत्ता काढणाऱ्या बाईची ही गत.

कडूकारलं

बघा. म्हणून म्हणतो, आभार नकोत, हिशेब चुकता करा.

जुनीपुराणी

दोन्ही करावं रे. आहेर नोंदवायची वही का ठेवत असत? त्यांच्याकडे कार्य निघालं की तेवढं परत करायला.

मिलानवासी

आणि वाटी रिकामी परत द्यायची नाही! आईची वाटी शेजारी गेली की येताना त्यात काहीतरी असायचंच, काही नसलं तर चिमूटभर साखर. इथे वरच्या मजल्यावरच्या आजींनी मला लाझान्या पाठवला, मी भांडं परत करताना त्यात चकल्या घातल्या. त्या गोंधळल्या. आठवड्याने तेच भांडं पुन्हा आलं, तिरामिसू घेऊन. आता कोणालाच थांबता येत नाहीये, माझं चार किलो वजन वाढलंय.

टवाळभैरव

हा खरा नाइन ऑफ कप्स. पोट सुटलेला.

शून्याधार

धाग्याचं 'टॅरो' वरून 'भांडीकुंडी' झालं. माझी हरकत नाही, उलट आता सगळं पटतंय.

मृण्मयी_४४

धागाकर्ती परत आलीय. सगळ्यांचं वाचलं, काही दोनदा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही, ते मंगळवारनंतर बघू. पण काकूंचं वाचून रात्री साडेअकराला फळीवरची भांडी खाली काढली. नवऱ्याला वाटलं झुरळ. आमच्याकडे बहुतेक काचेचे सेट, ऑनलाइन मागवलेले, नाव कुठून असणार? आईने दिलेली एक कळशी आणि दोन ताटं तेवढी नावाची. आईचं नाव, त्याखाली १९८८. ती दोन ताटं मी कुंड्यांखाली ठेवली होती, गॅलरीत. घासून आत आणली.

आणि मागच्या कोपऱ्यात एक मध्यम डबा सापडला. माझा नाही. दिवाळीला कुणाकडून तरी फराळ आला असणार, राहून गेला. झाकणावर कोरलंय 'शा. म. द.'

जुनीपुराणी

मग भर आणि दे परत. उशीर झाला तरी चालतं.

मृण्मयी_४४

भरते हो काकू, पण हे शा. म. द. कोण? सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकलाय. आत्तापर्यंत तीन जणींनी डबा आपलाच असल्याचा दावा केलाय, त्यातल्या एकीच्या नावात 'श' सुद्धा नाही.

टवाळभैरव

तिघींना विचारा, आत काय होतं. जी 'अनारसे' म्हणेल तिचा नाही, अनारसे कोणी वाटत नसतं.